डुमगीमांयची नागडी कवंदं

माझ्या सासूला माणूस भेटला की ती आधी त्याच्या अंगावरचा कपडा बघते, मग तोंड. लग्न ठरायच्या आधी ती मला बघायला आमच्या गावी आली, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले आणि खाली मान घालून उभी राहिले. तिने माझ्या परकराचा काठ दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि माझ्या आईला विचारलं, "किती वर्षांचा?"

आईला वाटलं, माझं वय विचारतेय. "एकवीस," आई म्हणाली.

"छे! तीन-चारच्या वर नसेल. अजून रंग धरून आहे."

पोरगी पसंत आहे की नाही ते तिने सांगितलंच नाही. जाताना एवढंच म्हणाली, "येताना हा परकर घेऊन ये गो." त्यावरून आम्ही काय ते समजलो. परकर मी घेऊन आले आणि वर्षभरात त्याचे तुकडे झाले. काही तुकडे माझ्या मुलीच्या पाळण्यात गेले, काही पास्कू ड्रायव्हरच्या बुडाखाली.

डुमगी बस्त्यांव सिद्दी हे तिचं रेशनकार्डावरचं नाव. हल्याळच्या रानातल्या आमच्या सिद्दींच्या हुणसवाड्यात ती ख्रिस्तावांच्या घरांत डुमगीमांय, आणि ओहोळापलीकडच्या मुसलमानांच्या घरांत डुमगीआक्का. जुन्या साड्या, लुंग्या, शाळेचे गणवेश फाडून, ठिगळाला ठिगळ लावून जी गोधडी शिवतात तिला आम्ही कवंद म्हणतो. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेने फिरत आत यायचं आणि मधोमध संपवायचं. चारी कोपऱ्यांना मात्र फुलं हवीत. रंगीत चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक टाचल्या की झालं फूल. फुलं नसतील तर कवंद नागडं, आणि नागडं कवंद आमच्यात कुणी कुणाला देत नाही.

वाड्यातल्या सगळ्याच बायका कवंदं शिवतात, पण गरजेपुरती. घरात माणसं वाढली की एक शिवायचं. मांयचं तसं नव्हतं. तिला तो नादच होता. भातकापणी संपली की बाकीच्या बायका पान खात गप्पांना बसायच्या, आणि ही पान खात, गप्पा मारत, मांडीवर कवंद घेऊन. स्वतःच्या घरात पांघरुणांचा ढीग झाला तेव्हा ती शेजाऱ्यांसाठी शिवायला लागली, मग माहेरच्यांसाठी, मग येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. एकदा धारवाडहून एक बाई जीप घेऊन आली आणि म्हणाली, मी सगळी विकत घेते. मांयने तिला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवली.

"का गो मांय?" मी विचारलं.

"ती नेऊन कुणाला देणार, मला काय ठाऊक? त्याला घाम किती येतो, पाय किती लांब, रात्री लाथा मारतो का, काही कळायला नको?"

हे ती गमतीने म्हणत नव्हती. कवंद शिवायच्या आधी ती खरंच माणसाची चौकशी करायची. चर्चमध्ये नवीन फादर आले तेव्हा पहिल्याच रविवारी, मिस्सा संपल्यावर, सगळ्या लोकांसमोर तिने त्यांना विचारलं, "फादर, तुम्ही उताणे झोपता की कुशीवर?"

फादर मंगळूरचे, तरुण, नुकतेच आलेले. त्यांचे कान लाल झाले. "का?" ते म्हणाले.

"कुशीवर झोपणाऱ्याला रुंदी कमी चालते. सांगा पटकन, मला भात शिजवायचाय."

"कुशीवर," फादर खालच्या आवाजात म्हणाले. मागे बसलेल्या बायका महिनाभर त्यावर हसत होत्या.

मांयच्या डोळ्यांना काय होतंय हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली, कारण तिने ते लपवलं. सुईत दोरा ओवायची वेळ आली की म्हणायची, "रेमेद, ये बघू इकडे. तुझे डोळे कसे आहेत बघू." मी दोरा ओवून द्यायची. "आहेत बरे," ती म्हणायची आणि सुई घ्यायची. मला वाटायचं, सासू माझी काळजी करते.

चहात मीठ पडलं ते आम्ही सोडून दिलं. वाटेत वासरू उभं होतं, त्याला तिने "कोण रे, इनास?" म्हणून हाक मारली, तेही सोडून दिलं, कारण शेजारचा इनास दिसतो तसाच. पण एका दुपारी ती अंगणातल्या फणसाच्या झाडाला झापायला लागली. "खांबासारखा काय उभा राहिलास? घागर आण म्हटलं ना! कान आहेत की नाहीत?" माझे सासरे, बस्त्यांवमांव, घागर घेऊन मागूनच येत होते. ते थांबले. थोडा वेळ त्यांनी ते बोलणं ऐकलं. मग म्हणाले, "तो काही हलायचा नाही. मी आणू का?"

त्या दिवशी मी अंगणवाडीच्या मीटिंगला गेले तेव्हा डोळ्यांच्या शिबिरात तिचं नाव घातलं. मी अंगणवाडीत काम करते, त्यामुळे असल्या याद्या माझ्याच हातून जातात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. हुबळीला नेऊन आधी एक डोळा केला, महिन्याने दुसरा. दुसऱ्या डोळ्याची पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी तिच्यासमोर हात धरला. "अज्जी, किती बोटं?"

"बोटं राहू देत. कोटाच्या बाहीची शिवण उसवलीय तुमच्या. बायको नाही का?"

बसने आम्ही घरी निघालो. सबंध वाटभर तिने काळा चष्मा खाली-वर करून लोकांचे कपडे पाहिले. वाड्यात उतरलो तर मांव न्यायला आलेले. तिने चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"एवढा म्हातारा कधी झालास रे?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," मांव म्हणाले आणि तिची पिशवी घेऊन चालू लागले.

घरापाशी आलो. बांबूच्या कुंपणावर मी सकाळी निघण्याआधी धुऊन एक कवंद वाळत घातलं होतं. मांय त्याच्यासमोर थांबली. मान वाकडी करून बघितलं, मग सरळ करून बघितलं.

"कुठल्या गाढवाने शिवलं हे?"

मी मांवकडे बघितलं, मांवनी फणसाकडे.

"सांग ना गो. ओहोळापलीकडच्या त्या ह्युसेनाबीने?"

"मांय," मी म्हटलं, "तूच. गेल्या नाताळाच्या आधी. माझ्यासाठी."

तिचा विश्वास बसेना. पण खालच्या अस्तराला तिचीच जुनी जांभळी साडी होती, ती तिने ओळखली. तपकिरी म्हणून लावलेली ठिगळं निळी निघाली होती, पांढरी म्हणून लावलेली पिवळी. एरवी तिच्या धावदोऱ्याच्या ओळी नांगराच्या तासासारख्या सरळ जायच्या. इथे बैल उधळले होते. आणि वरच्या दोन कोपऱ्यांना एकावर एक पाच-पाच फुलं, खालच्या दोन्हींना एकही नाही.

"नागडं!" मांय म्हणाली.

"अर्धंच," मांव समजूत घालत म्हणाले.

ती पायरीवर बसली आणि बोटं मोजू लागली. फादर, टीचर, पास्कू, ह्युसेनाबी, रेमेद, घरातलं एक, हल्याळच्या भाचीची दोन बाळं, आणि आणखी एक मुंडगोडला. "नऊ!" ती ओरडली. "दोन वर्षं मी नऊ जणांत नागडी फिरतेय, आणि तुम्ही कुणी मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"ऊब तर छान येते," मी म्हटलं.

"ऊब तर शेणाच्या गोवऱ्यांनीही येते! सगळी परत आणायची. उसवायची. नव्याने शिवायची. एकही शिल्लक ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मला सोबत का नेलं, तर "मला लाज वाटली तर तू बोल," म्हणून. लाज काही तिला वाटली नाही.

सुरुवात नागवेणी टीचरपासून. त्या शाळेत कन्नड शिकवतात, मूळच्या शिरशीकडच्या. त्यांनी कवंद पांघरलेलंच नव्हतं, शाळेच्या भिंतीवर टांगलं होतं.

"भिंतीला थंडी वाजते काय, टीचरबाई?" मांयने विचारलं.

"अज्जी, इतकं सुंदर आहे! मी यावरून मुलांना रंग शिकवते. हा निळा रंग बघा ना, कुठे लावलाय, कुणाला सुचेल तरी का!"

"मलापण सुचला नव्हता. ते तपकिरी आहे."

"निळं आहे, अज्जी."

"तेच सांगतेय! द्या इकडे."

टीचर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. वर्गातली पोरं त्यांच्यापुढे उभी राहिली. एवढ्या फौजेपुढे आमचं काही चाललं नाही.

मग पास्कू ड्रायव्हर. हल्याळची बस दिवसातून दोनदा वाड्यात येते, ती तो चालवतो. कवंदाची चौपदरी घडी करून तो सीटवर घालून बसलेला.

"पास्कू, मी तुला पांघरायला दिलं होतं."

"मांय, पांघरून गाडी चालवू काय? पण काय सांगू, याच्यावर बसायला लागल्यापासून माझी कंबर दुखायची थांबली."

"ऊठ."

"नाही उठत."

मांय बसमध्ये चढली आणि त्याच्या बुडाखालचं टोक धरून ओढायला लागली. लोक शिट्या मारायला लागले. कंडक्टरला वाटलं, सगळे चढले. त्याने घंटी दिली, पास्कूने गाडी सोडली, आणि मी स्टँडवर एकटी उभी. मांयला त्याने पुढच्या फाट्यावर उतरवलं. तिथून कोस-दीड कोस चालत ती परत आली तेव्हा तिच्या हातात कवंद नव्हतं, पण एक खिसा होता. ओढाओढीत पास्कूच्या खाकी शर्टाचा फाटून आला होता. "रंग बरा आहे," ती म्हणाली आणि तो कंबरेला खोचला.

फादर सभ्य माणूस. त्यांनी "नाही" म्हटलं नाही. "माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण माझं मांजर सारखं त्याच्यावरच असतं. त्याला उठवा आणि घेऊन जा." मांयने मांजराला हात लावला. हातावर तीन ओरखडे घेऊन आम्ही परतलो.

राहिली ह्युसेनाबी. चाळीस वर्षं ती आणि मांय एका फणसाखाली बसून कवंदं शिवत आल्या. एकमेकींच्या चिंध्या चोरणं, एकमेकींच्या शिवणीला नावं ठेवणं, हे त्यांचं रोजचं. मांयने मागितल्यावर ह्युसेनाबीने पानाची पिंक टाकली.

"आंधळी होतीस तेव्हाच बरी होतीस गो. निदान दिलेलं मागायला येत नव्हतीस."

"ते नागडं आहे, ह्युसेने."

"असू दे. मी म्हातारी आहे, मला कोण बघतं?"

"लोक म्हणतील डुमगीने असलं दिलं."

"म्हणतातच. दोन वर्षं म्हणतायत. तूच ऐकलं नाहीस."

मांय तोंड फुगवून घरी आली. दोन दिवस सुईला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाली, "ह्युसेनाबीने कवंद वाळत घातलंय. ती घरात मासे साफ करतेय, मी बघून आले. चल. तू फक्त ओहोळाशी उभी राहा आणि कोणी आलं तर खोक."

मी अंगणवाडीची बाई. मी लहान मुलांना चोरी करू नये म्हणून गोष्टी सांगते. पण गेले. सासूला कोण नाही म्हणणार?

मांयने कुंपणावरून कवंद ओढलं, घडी घातली आणि साडीखाली पोटावर बांधलं. अशी ती ओहोळापर्यंत आली आणि समोरून ह्युसेनाबी. मासे साफ करत होती ती तिची सून झैतून. ह्युसेनाबी पाण्यावर गेली होती. मला ती दिसलीच नाही, कारण मी भलतीकडेच बघून खोकायची तयारी करत होते.

ह्युसेनाबीने मांयचं पोट पाहिलं. कळशी खाली ठेवली.

"अगो डुमगे! या वयात? कितवा?"

"सातवा," मांय म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही.

"अल्ला! आणि उन्हात चालतेस? बस, बस इथे. बस्त्यांवला काही वाटत नाही? रेमेद, सासूला पाणी दे."

तिने मांयला दगडावर बसवलं आणि स्वतः समोर बसली. मग सुरू झाली. आंबट खावंसं वाटतं का? रात्री झोप लागते का? लाथ मारतं का? "मारतं," मांय दात खाऊन म्हणाली. ऊन डोक्यावर, पोटावर चारपदरी कवंद, मांयच्या कपाळावरून घाम गळतोय, आणि ह्युसेनाबी नाव काय ठेवायचं ते सुचवतेय. मी ओहोळात तोंड धुण्याच्या निमित्ताने हसून घेतलं. शेवटी मांयलाच असह्य झालं. ती उठली. उठताना साडीतून एक कोपरा खाली लोंबला, पाच फुलांचा.

"डोकं आलं!" ह्युसेनाबी ओरडली आणि तिने तो धरला.

मग काय विचारता. एकीने हे टोक धरलं, दुसरीने ते. दोघी साठीच्या पुढच्या. ओहोळाच्या दोन काठांवरून लोक जमा झाले. झैतून माशांचे हात तसेच घेऊन धावत आली. "सोड!" "तू सोड!" "चोर!" "मीच शिवलंय, मी कशी चोर?" असं चाललं असताना तो पाच फुलांचा कोपरा उसवला, दोघी दोन बाजूंना बसल्या, आणि फुलाच्या घडीतून काहीतरी टणकन दगडावर पडलं.

झैतूनने ते उचललं. चमकी होती. सोन्याची, लाल खड्याची, ह्युसेनाबीच्या आईची.

त्या चमकीची गोष्ट सगळ्या वाड्याला माहीत. दीड वर्षापूर्वी ह्युसेनाबीचं नाक सुजलं होतं म्हणून तिने चमकी काढून ठेवली, आणि ती नाहीशी झाली. घर झाडलं, अंगण झाडलं. शेवटी ह्युसेनाबीचा संशय बकऱ्यावर गेला. तो चिंध्या खायचा. ईदपर्यंत पोसायचा बकरा तिने चार महिने आधीच कापला, आणि आतडी उघडताना आम्ही सगळे वाकून बघत होतो. काही निघालं नाही. मटण छान होतं. त्यानंतर मात्र ह्युसेनाबी झैतूनशी कामापुरतंच बोलू लागली. तोंडाने कधी काही म्हणाली नाही. पण झैतून नवीन सून, आणि त्या दिवशी घरात तिसरं कोणी नव्हतं. न बोललेलंही कळतंच.

चमकी काढली त्या दिवशी दोघी म्हाताऱ्या फणसाखालीच शिवत बसल्या होत्या, हे आता दोघींना आठवलं. ह्युसेनाबीने ती एका लाल चिंधीवर ठेवली असणार. मांयने चाचपडत चिंधी उचलली, घडी घातली आणि टाचून टाकली.

मांयने हातातलं टोक सोडलं. स्वतःचे दोन्ही कान धरले. अशी मी तिला कधी पाहिली नव्हती.

ह्युसेनाबी उठली. चमकी तिने पदराला पुसली. "झैतून, नाक पुढे कर."

झैतूनने नाकातली काडी काढली. ह्युसेनाबीने तिथे चमकी बसवली. "मला आता होत नाही ती," ती म्हणाली. "माझं नाक सुटलंय."

झैतूनच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पोरगी मोठी वस्ताद. "ठीक आहे, अम्मा," ती म्हणाली. "पण बकऱ्याची माफी कोण मागणार?"

आधी मांय हसली. मग ह्युसेनाबी. मग दोन्ही काठांवरचे सगळे.

संध्याकाळपर्यंत ही बातमी बसने हल्याळला पोचली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात रांग. आदल्या आठवड्यात जी माणसं कवंद सोडायला तयार नव्हती, ती आता काखेत मारून उभी. पास्कू सगळ्यांच्या पुढे. "मांय, माझं उसव. माझी शिटी हरवलीय त्या वर्षी."

"तुझी कंबर?"

"कंबर राहू दे. तू उसव."

ज्यांची कवंदं त्या दोन वर्षांतली नव्हती, तेही आले. इनास स्वतःच्या बायकोने शिवलेलं घेऊन आला. त्याचं म्हणणं, त्याचा कोयता हरवलाय. "कोयता फुलात मावतो काय रे?" मांय म्हणाली. "बघायला काय जातं?" इनास म्हणाला.

मांय, ह्युसेनाबी, झैतून आणि मी, चौघी उसवत बसलो. भोवती माणसं टाचा उंच करून. पास्कूच्या कवंदातून शिटी निघाली नाही, तीन सुपाऱ्या निघाल्या. त्याच त्याच्या कंबरेला लागू पडत होत्या. हल्याळच्या बाळाच्या कवंदातून मांयची अर्धी कात्री निघाली. बाळ रात्री का रडतं ते भाचीला समजलं, आणि तिथे मात्र मांयने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. फादर सगळ्यांत शेवटी आले, हातात कवंद आणि मागे मांजर. त्यांच्या कोपऱ्याच्या फुलातून एक सुका बांगडा निघाला, अख्खा.

फादर त्याच्याकडे बघत राहिले. "मला वाटायचं, या मुक्या प्राण्याचा माझ्यावर जीव आहे," ते म्हणाले. मांजराने बांगडा उचलला आणि त्यांच्याकडे मागे वळूनही न बघता गेलं.

त्या उन्हाळ्यात मांयने सात कवंदं नव्याने शिवली. स्वच्छ डोळ्यांनी, सरळ ओळी, चारी कोपऱ्यांना सारखी फुलं. पाऊस लागता लागता लोकांनी ती नेली आणि महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. पास्कूची कंबर पुन्हा दुखायला लागली. "मांय, पहिल्यासारखं कर." मांयने कपाळाला हात लावला आणि तीन सुपाऱ्या मोजून परत आत शिवल्या. माझी मुलगी नव्या कवंदावर बोट फिरवून म्हणाली, "आज्जी, यात निळं कुठेय?" फादरांना थंडी वाजायची, कारण मांजर आता येत नव्हतं. टीचरनी तर भिंतीवरचं काढूच दिलं नाही. मांयनेच शेवटी शाळेतल्या बाकावर उभं राहून, भिंतीवरच, खालच्या कोपऱ्यांना फुलं टाचली. खाली पोरं कन्नड बाराखडी म्हणत होती आणि मध्येच ती त्यांना दरडावत होती, "हलवू नका रे बाक!"

राहिलं मांवचं. ते सगळ्यांत वाईट होतं. ओळी वाकड्या, एकाही कोपऱ्याला फूल नाही, आणि मधोमध एका भडक हिरव्या रंगाची बाही, बटणांसकट. नाताळासाठी मांवनी आणलेला नवा कोरा शर्ट होता तो. जुना समजून मांयने कापला होता. मांव तेव्हा काही बोलले नव्हते. पण कवंद द्यायला ते तयार होईनात. मांय मागे लागली की घडी करून त्यावर बसायचे, जेवायला जाताना खांद्यावर घेऊन जायचे.

"त्यात काय आहे एवढं?" मांय चिडून म्हणाली.

"माझा शर्ट आहे," मांव म्हणाले. "तो मी अजून एकदाही नीट घातला नाही. झोपताना तरी बाहीत हात घालायला मिळतो."

मांय त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. मला वाटलं, रागावली. ती सुईदोरा घेऊन बाहेर आली. दोरा स्वतःच ओवलेला.

जेवण झाल्यावर मांव ओसरीवर तेच कवंद पांघरून आडवे झाले, हिरव्या बाहीत हात घालून. मांय त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"उसवणार नाही. फुलं तेवढी लावते. हलू नकोस."

"टोचशील."

"टोचलं तर ओरड."

ते ओरडले नाहीत, घोरायला लागले. ती एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर सरकत राहिली. पायाशी दोन झाली, मग उशाशी दोन. लाल, पांढरं, लाल. पास्कूचा खाकी खिसा होता, त्याचंही एक पान केलं. उन्हं कलली तेव्हा बसचा हॉर्न वाजला. मांवना हल्याळला जायचं होतं, ते दचकून उठले आणि लुंगी सावरत तसेच अंगणात धावले. कवंद त्यांच्या मागोमाग फरफटत निघालं. लुंगीचा काठ कवंदाला चांगला हातभर शिवलेला होता, बारीक, सरळ धावदोऱ्याने.

अख्खी बस खिडकीतून बघत होती. मांव मध्येच उभे, पुढे जाता येईना, लुंगी सोडता येईना. "डुमगे!" ते ओरडले.

"मांय," मी हसू दाबत म्हटलं, "आता तर तुझे डोळे चांगले झालेत ना?"

"झालेत की," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. "टाका बघ ना किती सारखा आलाय." मग पास्कूला हात करून ओरडली, "जा रे तू, हे आज येत नाहीत!"